देवावर सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

निळाई
नमस्कार मंडळी. खूप दिवस इथे नुसती वाचत असते, धागा काढायची पहिलीच वेळ, त्यामुळे चूकभूल समजून घ्या, आणि चुकीच्या विभागात टाकला असेल तर ऍडमिननी हलवावा.

मिस्टरांची नोकरी गेली त्याला आता बरेच महिने झाले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अशात मला दुसऱ्या शहरात एक काम मिळतंय, पगार बरा आहे, घर त्यात चालेल. पण जायचं म्हणजे सासूबाईंना कोण बघणार, मुलाची शाळा, आणि ते काम तरी टिकेल याची काय गॅरंटी. आमच्या प्रार्थना गटात सांगितलं तर सगळे म्हणाले देवावर सोड, तो मार्ग काढेल. मी सोडलं. म्हणजे मला तरी तसं वाटलं. रोज रात्री म्हणते प्रभू तूच दाखव, आणि सकाळी उठून तेच छताकडे बघत पडायचं. कंपनीवाले उत्तर मागतायत आणि देवाकडून काहीच येत नाहीये, ना स्वप्न, ना वचन, ना मनाला शांती. लोक म्हणतात मनाला शांती वाटली की समजायचं देवाची इच्छा. मला जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो आणि राहायचं म्हटलं तरी येतो.

तर माझा प्रश्न असा की देवावर सोडायचं म्हणजे करायचं काय नेमकं? उत्तर येईपर्यंत थांबायचं, की पाऊल टाकायचं आणि म्हणायचं आता तू सांभाळ? आणि ते चुकलं तर तो विश्वास होता की माझा हट्ट होता हे ठरवणार कोण?

कृपया "सगळं ठीक होईल" एवढंच लिहू नका, ते भरपूर ऐकून झालंय.

सदाफुली
ताई धीर धरा. देव आहे ना. सगळं ठीक होईल.

कुंपणावरचा
अहो सदाफुली, शेवटची ओळ तरी वाचायची की :)

सदाफुली
अर्र. सॉरी ताई. पण मनापासून लिहिलं होतं.

मार्था मावशी
निळाई, बाळा, मोठं लिहिते आहे, सवडीने वाच.

तू थांबू का जाऊ विचारतेस ना, तर शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दोन्ही आहे आणि एकाच अध्यायात आहे. निर्गम १४ काढ. पुढे तांबडा समुद्र, मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, गुलामीतून निघालेले इस्राएली लोक ओरडतायत की मिसरात कबरा नव्हत्या म्हणून आम्हाला इथे आणलंस का. मोशे म्हणतो भिऊ नका, उभे राहा आणि देव काय करतो ते बघा. आपल्याकडे प्रवचनं बहुतेक इथेच संपतात. पण लगेच दोन वचनं खाली १५ वं वचन आहे, तिथे देव मोशेला म्हणतो माझा धावा काय करत बसलास, लोकांना सांग पुढे निघा. पुढे कुठे, तर समुद्राकडेच! तेव्हा पाणी अजून दुभागलेलं सुद्धा नाहीये, वारा सुटतो तो त्यानंतर, आणि रात्रभर वाहतो. म्हणजे ते उभं राहणं होतं भीतीने पळत सुटू नका एवढ्यापुरतं. कायमचं बसून राहा असं नव्हतं ते.

आता दुसरं बघ. चाळीस वर्षांनी यार्देन ओलांडायची वेळ येते, यहोशवा ३. तेव्हा हंगामाचे दिवस, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती असं मुद्दाम लिहिलंय. आणि या वेळी पाणी आधी बाजूला होत नाही. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) घेतलेल्या याजकांचे, म्हणजे पुरोहितांचे, पाय पाण्यात पडले तेव्हा वरचं पाणी थांबलं. आईबापांना कोरडी वाट आधी दिसली होती, मुलांना आधी पाय भिजवावे लागले. देव तोच. त्यामुळे अमक्या बाईला आधी स्वप्न पडलं, मग ती निघाली, म्हणून मलाही पडायला हवं, असं धरून बसू नकोस. मला विचारशील तर आपल्यापैकी बहुतेकांना यार्देनसारखंच ओलांडावं लागतं. तांबडा समुद्र फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

शंकासुर
मी नास्तिक, त्यामुळे आधीच सांगतो, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, हलके घ्या.

मावशींचा प्रतिसाद वाचायला छान आहे पण एक अडचण आहे. ज्यांचे पाय पाण्यात पडल्यावर पाणी थांबलं त्यांचीच गोष्ट लिहून ठेवली जाते. जे पाय टाकून वाहून गेले ते साक्ष द्यायला स्टेजवर येत नाहीत. "मी विश्वासाने नोकरी सोडली आणि देवाने दुप्पट दिलं" हे माईकवर ऐकू येतं, "मी विश्वासाने नोकरी सोडली आणि अजून कर्ज फेडतोय" हे सांगणाऱ्याला माईक देतं कोण? निळाईताईंनी अशा गोष्टी ऐकून निर्णय घेऊ नये एवढंच म्हणणं आहे. त्यांनी आकडे बघावेत.

पहाटवारा
शंकासुराला अर्धं अनुमोदन. चर्चमध्ये वाढलेय, साक्षींचं असं होतं हे अगदी खरंय, यशस्वी झालेल्यांनाच बोलावतात.

पण शास्त्राने तसं केलेलं नाही हं. इब्री ११ हा विश्वासवीरांचा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, पण बहुतेक लोक ३५ व्या वचनाच्या मध्यावर थांबतात. तोपर्यंत सिंहांची तोंडं बंद झाली, आगीची धग विझली, मेलेले परत मिळाले वगैरे. आणि तिथूनच पुढे "दुसरे काही" सुरू होतात, त्यांना फटके बसले, बेड्या पडल्या, दगडमार झाला, करवतीने चिरले, रानोमाळ भटकले. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की या सगळ्यांच्या विश्वासाबद्दल चांगली साक्ष होती तरी वचनात होतं ते त्यांना मिळालं नाही. म्हणजे वाहून गेलेल्यांची यादी पण त्याच पानावर आहे, आपणच वाचत नाही.

आणि दानीएल ३ मधले ते तिघं, शद्रख, मेशख, अबेद्‌नगो. भट्टीसमोर उभं राहून राजाला काय म्हणतात, तर आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" ज्या विश्वासात नाही तो मला सौदा वाटतो. आता हे मी खुर्चीत बसून लिहितेय, भट्टीसमोर नाही, ते आहेच.

शंकासुर
हे वचन माहीत नव्हतं. मुद्दा मान्य, म्हणजे निदान तुमचा ग्रंथ तुमच्या वक्त्यांपेक्षा प्रामाणिक आहे.

टाळमृदंग
माळकरी घरातला माणूस बोलतोय, चालेल ना इथे?

ताई, तुम्हाला देवाकडून काही ऐकू येत नाही म्हणून तुमचा विश्वास कमी पडतोय असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. तुकोबांचं बघा. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. आणि त्यानंतर ते विठोबाशी जे बोललेत ना ते सगळं काही गोड गोड नाही, भांडलेत, टोचून बोललेत, तू आहेस तरी का इथपर्यंत गेलेत. जनाबाई तर त्याला शिव्या घालायची. आमच्याकडे याला कुणी विश्वास उडाला असं म्हणत नाही. भांडायला समोर कुणीतरी आहे असं धरल्याशिवाय माणूस भांडतो का?

त्यामुळे रोज रात्री "तूच दाखव" एवढंच सभ्यपणे म्हणू नका. एखाद दिवस चांगलं खडसवा.

मार्था मावशी
टाळमृदंग दादा, दंडवत. स्तोत्रांत पण हेच आहे. १३ वं स्तोत्र सुरूच होतं "किती वेळ" ने, पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारलंय किती वेळ म्हणून. आणि ८८ वं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते गाळलं नाही कुणी, उपासनेत गायच्या पुस्तकातच ठेवलं.

कुंपणावरचा
वाचतोय. चांगला धागा.

थेंबभर
मला जरा वेगळं सांगायचंय आणि ते थोडं कडू आहे.

विश्वासाने पाऊल टाका हे वाक्य मला ऐकवत नाही आता. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी कुणीतरी सभेत सांगितलं म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या, गोळ्या चालू ठेवणं म्हणजे अविश्वास असं त्या वक्त्याचं म्हणणं. पुढे काय झालं ते लिहीत नाही, समजून घ्या. आणि सगळ्यात चीड याची आली की नंतर त्याच लोकांनी सांगितलं, विश्वास कमी पडला. म्हणजे छापा आला तर तुमचा देव जिंकला आणि काटा आला तर काकू हरल्या.

तेव्हापासून मी मत्तय ४ वाचतो. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो मार उडी, देवदूत झेलतील असं लिहिलेलंच आहे. लक्षात घ्या, सैतान पण वचनच काढून दाखवतोय, ९१ वं स्तोत्र. आणि येशू म्हणतो, तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस. तो उडी मारत नाही. मग विश्वासाचं पाऊल आणि परीक्षा पाहणारी उडी यात फरक काय, माझ्यापुरतं मी असं लावलंय की समोर खरोखर एखादं काम पडलंय, कुणाची तरी जबाबदारी आहे, ते करताना धोका आहे आणि तरी करायचं, हे पाऊल. आणि देव आहे हे सिद्ध व्हावं म्हणून मुद्दाम धोका तयार करायचा, ही उडी. गोळ्या बंद करणं उडी. निळाईताई, तुमच्यासमोर घर चालवायचं काम आहे, त्यामुळे तुमचं मला उडीतलं वाटत नाही.

शंकासुर
+१. हा फरक माझ्यासारख्यालाही पटतो.

उंबरठा
आमच्याकडे हदीस आहे, तिरमिजींच्या संग्रहात आहे. एकाने पैगंबरांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का बांधून ठेवू? उत्तर मिळालं, बांध आणि मग भरवसा ठेव. आमची अम्मी हे इतक्या वेळा म्हणायची की लहानपणी मला वाटायचं आमच्याकडे कुठेतरी उंट आहे.

सदाफुली
हाहा उंबरठा :)

मानसरंग
समुपदेशन हे माझं काम आहे म्हणून थोडं त्या अंगाने.

केनेथ पार्गामेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, धर्म आणि संकट यावरच त्यांचं आयुष्यभराचं काम. १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी श्रद्धाळू लोक अडचण कशी सोडवतात याचे तीन प्रकार मांडले होते. एक, देवाने मला बुद्धी दिलीय, आता माझं मी बघतो. दोन, मी काही करणार नाही, सगळं देव बघेल. आणि तीन, देव आणि मी मिळून. सर्वसाधारणपणे तिसऱ्या प्रकारातली माणसं जास्त खंबीर दिसतात, दुसऱ्या प्रकारात हतबलता वाढायची शक्यता असते, मात्र जिथे माणसाच्या हातात खरोखर काहीच उरलेलं नसतं तिथे दुसरा प्रकारही आधार देतो. हे मी रोज बघते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या माणसाने "आता तुझ्या हातात" म्हणणं अगदी योग्य, तिथे दुसरं करणार काय. पण ज्या गोष्टीला फोन करून उत्तर मिळू शकतं तिथे फोन न करता तेच वाक्य म्हणणं, यात भक्ती कमी आणि भीती जास्त असते बहुतेक वेळा. दोष देत नाहीये, भीती माणसाला असतेच.

निळाई, तुमच्या पहिल्या पोस्टमधून एवढंच कळतंय की प्रार्थना रात्री होते आणि दिवसा सगळं थांबलेलं आहे. झोप येते का नीट? जेवण जातं का? हे सहज विचारत नाहीये.

निळाई
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, वाचताना मध्येच रडू आलं. थेंबभर, तुमच्या काकूंचं वाचून वाईट वाटलं. मानसरंग ताई, झोपेचं विचारलंत, नाही येत फारशी. पहाटे डोळा लागतो.

शांतीबद्दल कुणीच बोललं नाही पण. आमच्या गटात तेच सगळ्यात जास्त सांगतात, शांती हीच खूण.

पहाटवारा
निळाई, शांतीबद्दल मी लिहिते, कारण मी पण त्यात अडकले होते.

पकडून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत येशूला कुठे शांती होती? माझा जीव मरणप्राय अति खिन्न झालाय असं तो शिष्यांना सांगतो, पालथा पडून प्रार्थना करतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो, शक्य असेल तर हा प्याला टळो असं तीनदा मागतो. आणि मग उठतो आणि जातो. जगात कुणी देवाच्या इच्छेत असेल तर त्या रात्री तोच होता, आणि पोटातला गोळा त्यालाही होता. शांती येते, नाही असं नाही, पण कधी कधी पुष्कळ नंतर येते. ती आधी हवीच अशी अट घातली की घाबरट माणूस कधीच काही करू शकणार नाही आणि बेफिकीर माणसाला सगळंच देवाची इच्छा वाटेल, कारण त्याला कायमच शांत वाटतं!

आणि मदर तेरेसांचं ऐकलं असेलच, त्या १९९७ ला गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना आत नुसता अंधार आणि कोरडेपणा होता. काम चालू होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. लोकांना धक्का बसला, मला मात्र खरं सांगायचं तर ते वाचून हायसं वाटलं.

मार्था मावशी
आणि झोपेबद्दल, निळाई. एलीया संदेष्टा आठव, १ राजे १९. ईजबेल राणीच्या धमकीने पळत रानात जाऊन झुडपाखाली बसतो आणि म्हणतो बस झालं, आता माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही गं. झोपू देतो. मग देवदूत उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, परत उठवून खायला देतो, म्हणतो वाट तुला झेपणार नाही. एवढं झाल्यावर मग होरेब डोंगर आणि तिथे देवाचा तो मंद स्वर वगैरे. आपण डायरेक्ट मंद स्वर ऐकायला बसतो, उपाशी आणि जागरणं करून. आधी डॉक्टरला दाखव झोपेसाठी.

गोधडी
पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही धाग्यात? विश्वासाने पाऊल म्हटलं की मला त्याच आठवतात. दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, पदरात लहान मुलगी. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः जाऊन उपाशी मरणाऱ्या मुली आणि विधवा शेकड्याने आणल्या, केडगावला, जिथे तेव्हा नीट सोय सुद्धा उभी नव्हती.

पण मला इथे जे सांगायचंय ते वेगळंच आहे, लोक त्यांना नुसत्या प्रार्थनेची बाई करून टाकतात. शारदा सदनच्या आधी त्या अमेरिकाभर फिरून व्याख्यानं देत होत्या, १८८७ मध्ये तिकडे त्यांच्या नावाने असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं खर्च चालवायची हमी दिली, तेव्हा सदन निघालं. इतकं पक्कं. प्रार्थना करायच्याच, पण हिशोब पण करायच्या, शेती, विहिरी, छापखाना, कामाची वाटणी सगळं बघायच्या. उंबरठांच्या अम्मींचा उंट त्यांनी चांगला घट्ट बांधला होता म्हणा ना.

हिशेबनीस
इथे सगळे इतकं सुंदर लिहितायत आणि मी कोरडा माणूस, पण मला पहिल्या पोस्टपासून एक प्रश्न छळतोय. कुणीच कसा विचारला नाही?

निळाईताई लिहितात मिस्टरांची नोकरी गेलीय. म्हणजे ते घरी आहेत. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहितात मी गेले तर सासूबाईंना कोण बघणार.

मिस्टर घरी आहेत ना? त्यांची आई ना?

कुंपणावरचा
...

शंकासुर
अरे हो की. इथे आम्ही समुद्र आणि भट्ट्या ओलांडतोय :)

सदाफुली
हिशेबनीस काका, बायकांचं करणं वेगळं असतं, अंथरुणावरच्या बाईचं सगळं करायचं म्हणजे, मुलाला संकोच वाटू शकतो, आईला पण. इतकं सोपं नसतं ते.

हिशेबनीस
सोपं आहे असं मी म्हणतच नाही सदाफुली. विचारलंय का एवढंच विचारतोय. काही कामं त्यांना जमतील, काही जमणार नाहीत, त्याला दिवसातून ठराविक वेळ कुणी बाई ठेवता येईल का, नवीन पगारात ते बसतं का, हे बेरीज वजाबाकीचं आहे. पण विचारलंच नसेल तर पुढचं सगळं अडलेलं राहणार.

आणि दुसरं, हा निर्णय एकदम सगळा घ्यायचा नाहीये. जाऊन बघून परत येता येतं का, कंपनी थोडी उशिरा रुजू होऊ देईल का, सुरुवातीला काही दिवस घरून करू देतात का, मुलाला लगेच हलवायची गरज आहे का. यातलं बरंचसं परत फिरवता येण्यासारखं आहे. जे परत फिरवता येत नाही त्याचीच जास्त काळजी करावी, बाकीच्यासाठी इतकी झोप घालवू नये.

निळाई
उत्तर द्यायला वेळ लागला.

विचारलेलं नाही. खरं सांगते, मनात सुद्धा आलं नव्हतं असं नाही, आलं होतं, पण लगेच बाजूला सारलं. ते सध्या फार खचलेत हो. दिवसभर खोलीत असतात. नोकरी गेल्यापासून कुणाशी फारसं बोलत नाहीत. त्यात मी म्हणायचं की मी कमवायला जाते, तुम्ही घरी आईचं बघा, तर त्यांना काय वाटेल, मी त्यांची उरलीसुरली पण काढून घेतली असं नाही का वाटणार. म्हणून मग देवालाच सांगत बसले. देव दुखावला जात नाही ना.

टाळमृदंग
"देव दुखावला जात नाही ना". ताई, हे फार खरं लिहिलंत.

मानसरंग
निळाई, हे लिहिलंत ते बरं केलंत. यजमानांना पण मदतीची गरज असू शकते, खोलीत बसून राहणं, न बोलणं इतके महिने चाललं असेल तर त्यांनाही कुणालातरी दाखवायला हवं. आणि एक, खचलेल्या माणसाकडे काहीच मागितलं नाही तर त्याला आपण जपतोय असं आपल्याला वाटतं, त्याला मात्र आपली कुणाला गरज उरली नाही असं वाटत असतं. नेहमी असंच असतं असं नाही, पण बऱ्याचदा असतं.

मार्था मावशी
बाळा, मग तुझी यार्देन ही आहे. ते दुसरं शहर नाहीच मुळी.

आणखी एक सांगते यहोशवा ३ मधलं, मघाशी राहिलं. ते याजक पाण्यात पाय टाकून पलीकडे निघून गेले नाहीत. नदीच्या मधोमध कोश घेऊन उभे राहिले, सगळे लोक पार होईपर्यंत. उभं राहणाऱ्यांमुळे चालणारे पार झाले. तू चालणारी आणि तुझा नवरा उभा राहणारा, असं त्याला मांडून बघ ना. त्यात कमीपणा कुठला आलाय. याजकांचं काम होतं ते!

आणि तुझा तो प्रश्न, चुकलं तर? अब्राहाम ७५ वर्षांचा होता हारानाहून निघाला तेव्हा, कुठे जायचं ते माहीत नसताना, देवानेच सांगितलेलं. पोचला आणि दुष्काळ पडला. त्याच अध्यायात! देवाने सांगितलेल्या जागी पोचून दुष्काळ. मग तो मिसरात गेला आणि जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणून सांगितलं, म्हणजे घाबरून चक्क चुकला. देवाने काय केलं, निवड रद्द केली का? साराईला सोडवून आणलं आणि तो परत त्याच वेदीपाशी आला, पुन्हा प्रार्थना केली. त्यामुळे अडचण आली म्हणजे पाऊल चुकलं असं नाही, आणि खरंच चुकलं तरी देवाच्या हातातून निसटलीस असंही नाही.

शंकासुर
मावशी, मी काही तुमच्यात येणार नाही, पण तुमच्या प्रवचनाला येऊन बसेन.

मार्था मावशी
ये रे. मागच्या बाकावर बसू देणार नाही मात्र.

थेंबभर
अवांतर, येशूचा प्रेषित पौल, त्याचं पण असंच आहे, कृत्ये १६. आशियात जायचं तर पवित्र आत्मा अडवतो, बिथुनियाला जायचं तर अडवतो, आणि मग त्रोवसला रात्री दृष्टांत होतो, मासेदोनियाला ये म्हणून. दोन दारं बंद झाली ती चालता चालता. घरी बसून राहिला असता तर कुठलं दार बंद आहे हे त्याला कळलंच नसतं.

उंबरठा
दुआ करतोय ताई तुमच्यासाठी. आणि विचारा त्यांना. हवं तर पत्र लिहून द्या, समोरासमोर जमत नसेल तर.

निळाई
धागा वर काढतेय.

विचारलं. उंबरठा, पत्र नाही लिहिलं पण समोर बसून पण नाही, सासूबाईंची चादर बदलताना दोघं दोन्ही बाजूंना होतो तेव्हा बोलून टाकलं. ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत नाही. मला वाटलं झालं, दुखावलेच. रात्री म्हणाले आईच्या गोळ्या कुठल्या कधी ते एका कागदावर लिहून दे, माझ्या लक्षात राहत नाही.

बाकी काही बोलले नाहीत, हो पण नाही आणि नको पण नाही. डॉक्टरचं मी सुचवलं त्यावर चिडले. नणंदेला मात्र त्यांनी स्वतःच फोन केला, माझ्यासमोर, शनिवार रविवार येशील का म्हणून. ती बघते म्हणालीय. अजून पोटात गोळा आहेच. शांती वगैरे काही नाही.

पण मी कंपनीला उशिरा रुजू होण्याबद्दल विचारणार आहे. मेल लिहायला घेतलाय आणि तीन ओळींतच अडकलेय, घरचं किती सांगायचं कळत नाही. इथे टाकला तर कुणी बघाल का?

हिशेबनीस
टाका. घरचं एका ओळीत पुरे, आणि तुम्हाला हवी असलेली तारीख पहिल्याच वाक्यात घ्या. कंपनीचं नाव काढून टाका तेवढं.

सदाफुली
मी शुद्धलेखन बघते ताई. आणि यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.